पिशवीतल्या एका संत्र्याला बुरशी लागली, बाकीची खायची का? संत्री-लिंबं टिकवायची कशी, नासलेली ओळखायची कशी

डिसेंबर-जानेवारीत अमरावती-अकोल्याच्या घरांमध्ये संत्री किलोने येत नाहीत, पिशवीने नाहीतर कॅरेटने येतात. वरूड-मोर्शीकडचा कुणी पाहुणा आला की त्याच्या गाडीतून हमखास एक थैली उतरते. पहिले तीन दिवस सगळे मजेत खातात. चौथ्या दिवशी थैलीच्या तळाशी हात जातो आणि बोटांना हिरवी भुकटी लागते.

मग घरात वाद सुरू होतो. आजी म्हणते, "तेवढा भाग काढून टाक, बाकीचं चांगलं आहे." कॉलेजात जाणारी नात म्हणते, "अख्खी थैली फेकून दे." खरं तर दोघींचंही थोडं चुकतं. बरोबर काय, ते समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर

- बुरशी लागलेलं संत्रं, मोसंबी किंवा लिंबू अख्खं टाकायचं. तेवढा भाग कापून उरलेलं खायचं नाही.
- त्याच्या शेजारची फळं तपासायची. साल कडक, कोरडी आणि अखंड असेल तर धुऊन, पुसून ती खाता येतात. ती आधी संपवायची.
- साठवण्याआधी फळं धुवायची नाहीत. खाण्याआधी धुवायची.
- कापलेलं फळ आणि काढलेला रस बाहेर ठेवायचा नाही.
- सालीवरचा प्रत्येक काळा किंवा तपकिरी डाग म्हणजे बुरशी नव्हे.

वऱ्हाडात हा प्रश्न वर्षातून दोनदा का येतो?

आपल्याकडे संत्र्याचे दोन मुख्य बहार आहेत. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत बाजारात असतात. मृग बहाराची फुलं पावसाळ्याच्या सुरुवातीला येतात आणि फळं फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान मिळतात.

वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, अंजनगाव सुर्जी हा अमरावती जिल्ह्यातला संत्रापट्टा. अकोल्याकडे अकोट-तेल्हाऱ्यात संत्री होतात, तर बाळापूर तालुक्यातलं वाडेगाव लिंबासाठी ओळखलं जातं. आपण ज्याला 'नागपुरी संत्रं' म्हणतो त्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नाव नागपूरचं असलं तरी त्यातला मोठा वाटा अमरावती जिल्ह्यातून येतो.

दोन्ही बहारांची फळं टिकण्यात मोठा फरक आहे. आंबियाची बरीचशी फळं थंडीत येतात, त्यामुळे खोलीतही ती आठवडाभर तग धरतात. मृगाची फळं येतात तोवर ऊन तापायला लागलेलं असतं. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि तीच थैली तीन-चार दिवसांत सुकते किंवा नासते. म्हणून "मागच्या वेळी तर दहा दिवस टिकली होती" हा हिशेब मार्चमध्ये चालत नाही.

तोडल्यावर संत्रं पिकत नाही

आंबा, केळी, चिकू ही फळं तोडल्यानंतरही पिकतात. संत्रं, मोसंबी, लिंबू तसं करत नाहीत. झाडावरून तोडताना जेवढी गोडी असते तेवढीच राहते. आंबट संत्री पेपरात गुंडाळून चार दिवस ठेवली तर ती गोड होत नाहीत, फक्त जुनी होतात. त्यामुळे "पिकायला ठेवू" म्हणून संत्री बाहेर ठेवण्यात काही अर्थ नाही.

तोडलेल्या फळाचं दोन गोष्टींनी नुकसान होतं. एक म्हणजे सालीतून पाणी उडून जातं आणि फळ सुरकुततं. दुसरी म्हणजे बुरशी. संत्र्या-लिंबाचा रस आंबट असतो, त्यामुळे बऱ्याचशा जिवाणूंची त्यात वाढ होत नाही. बुरशीला मात्र हा आंबटपणा चालतो. म्हणून ही फळं नासतात ती मुख्यतः बुरशीमुळे.

पण बुरशीला आत शिरायला बहुतेक वेळा वाट लागते. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि नाजूक. तोडताना फळ ओढलं की देठाजवळची साल फाटते. देठ लांब राहिला की तो शेजारच्या फळात टोचतो. कॅरेट आपटलं, थैली जमिनीवर टाकली, वरून दुसरी थैली ठेवली, की सालीला बारीक जखमा होतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण बुरशीच्या बीजाणूंना तेवढं पुरतं. आंबिया बहारात रसशोषक पतंगही फळाला छिद्र पाडून रस शोषतो. त्या छिद्राभोवती फळ मऊ पडतं आणि तिथूनच सडायला लागतं.

कोणती बुरशी कशी दिसते?

*हिरवी बुरशी (पेनिसिलियम डिजिटेटम):* सगळ्यात जास्त दिसणारी. आधी सालीवर एक मऊ, पाणचट ठिपका येतो. बोटाने दाबला तर खड्डा पडतो. मग त्यावर पांढरी बुरशी धरते आणि मधोमध शेवाळी हिरवी भुकटी तयार होते. भुकटीभोवती पांढरा रुंद पट्टा राहतो. ही बुरशी जखमेतून शिरते आणि २४-२५ अंशांच्या आसपास सर्वात वेगाने वाढते. आपल्याकडच्या हिवाळ्यात दुपारी घरात साधारण एवढंच तापमान असतं.

*निळी बुरशी (पेनिसिलियम इटॅलिकम):* हिची भुकटी निळसर आणि भोवतीचा पांढरा पट्टा अरुंद. थंडीत ती हिरव्या बुरशीपेक्षा जास्त तग धरते, त्यामुळे फ्रीजमध्येही सापडते. एका फळावरून चिकटलेल्या दुसऱ्या चांगल्या फळावर ती पसरू शकते, सालीला जखम नसली तरी. म्हणून फ्रीजच्या ट्रेमध्ये निळी बुरशी दिसली तर सगळा ट्रे रिकामा करून तपासा.

*देठाकडची सड:* देठाच्या खळगीभोवती साल तपकिरी, मऊ होते आणि डाग खालच्या बाजूला पसरत जातो. वर भुकटी दिसेलच असं नाही. देठ सहज निखळला आणि खाली तपकिरी ओल दिसली तर फळ टाका.

*आंबूस सड:* फळ लिबलिबीत होतं, साल हाताला बुळबुळीत लागते, व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि भोवती चिलटं घोंगावतात. गरम दिवसांत ही जास्त दिसते.

*आतली काळी सड:* ही फसवी. बाहेरून फळ जवळपास ठीक दिसतं, कधी वेळेआधीच जास्त पिवळं झालेलं असतं. सोलल्यावर मधल्या भागात काळपट बुरशी दिसते. म्हणून संत्रं सोलल्यावर, विशेषतः लहान मुलांच्या डब्यात फोडी भरताना, मधला भाग एकदा बघून घ्या.

खराब दिसतं, पण खराब नसतं

आपल्याकडे भरपूर चांगली फळं केवळ दिसण्यावरून फेकली जातात. भावही त्यावरच पडतो. म्हणून हा भाग नीट वाचा.

*काळी काजळी:* सालीवर चुलीवरच्या भांड्यासारखा काळा थर. शेतकरी याला 'कोळशी' म्हणतात. काळी माशी नावाची कीड पानांवर-फळांवर चिकट गोड स्राव टाकते आणि त्यावर काळी बुरशी वाढते. ती सालीच्या वरच राहते. ओल्या फडक्याने पुसली की निघते. खाली साल कडक असेल तर फळ खायला हरकत नाही.

*तपकिरी, खरबरीत साल:* हा बहुतेक वेळा कोळी किडीचा परिणाम, ज्याला शेतकरी 'लाल्या' म्हणतात. साल विटकरी, चरचरीत दिसते. डाग कोरडा आणि टणक असतो. आतल्या फोडींना काही झालेलं नसतं.

*हिरवट साल:* संत्र्याला केशरी रंग यायला थंड रात्री लागतात. आंबियाची सुरुवातीची फळं बाहेरून हिरवट असूनही आतून तयार असू शकतात.

*पोकळ, सैल साल:* नागपुरी संत्र्याचा हा स्वभावच आहे. फारच पोकळ वाटलं तर फळ झाडावर जास्त दिवस राहिलेलं असतं. चव फिकी लागेल, पण ते नासलेलं नसतं.

*कोरड्या, भरड फोडी:* रसाच्या पिशव्या घट्ट होऊन रस कमी होतो. खाण्यात मजा नाही, अपायही नाही.

*रस कडू झाला:* सकाळी काढलेला संत्र्याचा रस दुपारी कडू लागतो आणि आपल्याला वाटतं तो नासला. फळ पिळल्यावर त्यातला एक बेचव घटक आंबट रसात हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतो. बिया आणि फोडींचा पापुद्रा जास्त चिरडला तर कडूपणा आणखी वाढतो. नुसती कडू चव म्हणजे नासणं नव्हे. फसफस, बुडबुडे किंवा दारूसारखा वास आला तर मात्र रस ओतून द्या.

लक्षात ठेवायला सोपा नियम: डाग कोरडा आणि टणक असेल तर बहुधा सालीपुरता. डाग ओला आणि मऊ असेल तर फळ नासायला लागलंय.

विकत घेताना काय बघायचं?

फळ हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने जड म्हणजे रसदार. देठाची खळगी तपासा, सड बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. शक्यतो आखूड देठाची फळं घ्या. थैली बांधून मिळत असेल तर ती उचलून तळाकडून बघा. तळ ओला असेल तर आत एखादं फुटलेलं फळ आहे.

चकचकीत संत्री दिसली तर घाबरू नका. प्रतवारी केंद्रांवर फळं धुऊन त्यांवर मेणाचा पातळ थर देतात, कारण त्यामुळे पाणी उडणं कमी होतं. मधमाशीचं मेण, कार्नोबा, शेलॅक अशा नैसर्गिक मेणाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे. तरीही सालीचा मुरंबा किंवा कँडी करायची असेल तर शक्यतो मेण न लावलेली, बागेतून थेट आलेली फळं वापरा आणि कोमट पाण्याने चोळून धुवा.

घरी आणल्यावर पहिली पंधरा मिनिटं

१. थैली उघडा आणि सगळी फळं चादरीवर किंवा पोत्यावर पसरा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत फळांना घाम येतो आणि ओल्या सालीवर बुरशी लवकर धरते.

२. तीन गट करा. कडक आणि अखंड फळं साठवायला. दबलेली किंवा चरा पडलेली, पण न नासलेली फळं आजच खायला. मऊ, ओली, भुकटी आलेली टाकायला.

३. लांब देठ कात्रीने सालीलगत कापा. ओढू नका.

४. धुऊ नका. धूळ असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. ओली आली असतील तर पंख्याखाली वाळवा.

५. टोपलीत किंवा कॅरेटमध्ये दोन-तीन थरांपेक्षा जास्त रचू नका. खाली आणि मधे वर्तमानपत्र चालेल.

६. दर दोन दिवसांनी एकदा हात फिरवा. एक नासलेलं वेळेत निघालं तर बाकीची टोपली वाचते.

किती दिवस टिकतात?

हे आकडे चांगल्या, जखम नसलेल्या फळांचे आहेत आणि अंदाजे आहेत.

- संत्री: हिवाळ्यात खोलीत ७ ते १० दिवस, मार्च-एप्रिलमध्ये ३ ते ४ दिवस, फ्रीजमध्ये २ ते ३ आठवडे.
- मोसंबी: साल जाड आणि घट्ट असल्याने संत्र्यापेक्षा थोडी जास्त. फ्रीजमध्ये ३ ते ४ आठवडे.
- लिंबू: उन्हाळ्यात बाहेर ४ ते ७ दिवस, नंतर साल कडक होऊन रस आटतो. झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ३ ते ४ आठवडे.
- सोललेल्या किंवा कापलेल्या फोडी: झाकून फ्रीजमध्ये २ ते ३ दिवस.
- ताजा रस: लगेच प्यावा. फ्रीजमध्ये ठेवला तरी २४ तासांत संपवावा.

शीतगृहात नागपुरी संत्री साधारण ६ ते ७ अंश तापमानात आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. लिंबाला त्याहून थोडं जास्त, ८ ते १० अंश मानवतं. फार थंडीत सालीवर खड्डे आणि तपकिरी ठिपके येतात. घरचा फ्रीज ४-५ अंशांवर असतो, म्हणून फळं फ्रीजरच्या अगदी खाली ठेवू नका. भाजीचा कप्पा सर्वात बरा. कापडी पिशवी किंवा भोकं पाडलेली प्लास्टिक पिशवी वापरा.

लिंबं स्वस्त असताना जास्त घेतली असतील तर रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि खडे डब्यात भरून ठेवा. सरबताला दोन-तीन महिने पुरतात. उन्हाळ्यात लिंबू महाग होतं तेव्हा याचा उपयोग कळतो.

फ्रीज नसेल, किंवा वीज सारखी जात असेल तर?

वऱ्हाडातला उन्हाळा कोरडा असतो, म्हणून इथे कूलर चांगला चालतो. पाणी उडताना हवा थंड होते, हे तेच तत्त्व. फळांसाठीही ते वापरता येतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' विकसित झाला. विटांच्या दोन भिंती, मधल्या साडेसात सेंटिमीटरच्या जागेत वाळू, वर झाकण. विटा आणि वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. कडक उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहू शकतं. वीज लागत नाही.

घरगुती पद्धत आणखी सोपी. मोठ्या मातीच्या कुंडीत ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात फळं आणि वर ओलं फडकं. फळांना थेट पाणी लागू द्यायचं नाही. हे फ्रीजची बरोबरी करणार नाही, पण एप्रिलमध्ये तीन दिवसांचे सहा होऊ शकतात.

बुरशीचा भाग कापून उरलेलं का खायचं नाही?

आपल्याला दिसते ती फक्त वरची भुकटी, म्हणजे बीजाणू. त्याआधीच बुरशीचे तंतू आतल्या मऊ, रसाळ भागात पसरलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. गाजर, कोबी अशा टणक भाज्यांचा डागाळलेला भाग भोवतालच्या इंचभर भागासकट कापून टाकता येतो. संत्र्यासारख्या पाणीदार फळात तंतू कुठवर गेलेत ते कळत नाही. शिवाय काही बुरशी विषारी घटक तयार करतात आणि ते धुऊन जात नाहीत.

नासलंय का हे बघायला फळ नाकाजवळ नेऊन जोरात वास घेऊ नका. बीजाणू श्वासातून आत जातात. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो.

चुकून एखादी फोड खाल्ली गेली तर? थुंका, चूळ भरा, पाणी प्या. निरोगी माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही. उलट्या, जुलाब, अंगावर पुरळ किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरकडे जा. लहान बाळ, गरोदर स्त्री, वयस्कर व्यक्ती किंवा केमोथेरपी घेणारा रुग्ण असेल तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना विचारलेलं बरं.

नासलेलं फळ पिशवीत बांधून टाका. टोपली किंवा फ्रीजचा कप्पा साबणाने धुऊन, मग लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून पुसा आणि पूर्ण वाळवा.

कापलेलं फळ आणि रस

अखंड फळाची साल हे त्याचं झाकण. ते निघालं की हातावरचे, सुरीवरचे जंतू आत जातात. म्हणून सोलून खायचं असलं तरी आधी फळ वाहत्या पाण्याखाली धुवा. कापलेलं फळ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. म्हणजे मार्च ते जून आपल्याकडे एक तासाचाच नियम धरा.

व्हॉट्सॲपवर फिरणारे तीन दावे

*"संत्र्याला इंजेक्शन देऊन गोड करतात."* वर सांगितलं तसं, सालीला बारीक छिद्र पडलं तरी बुरशी शिरते. सुई टोचलेली संत्री दोन-चार दिवसांत सडतील. कुठलाही व्यापारी स्वतःचा माल असा नासवून घेणार नाही.

*"बुरशी म्हणजे पेनिसिलिन, खाल्ली तर औषधच."* पेनिसिलिन पेनिसिलियम गटातल्या बुरशीपासूनच मिळालं, हे खरं. पण या गटात शेकडो जाती आहेत. संत्र्यावरच्या जाती वेगळ्या आहेत आणि नासलेल्या फळात औषधाचा मोजलेला डोस नसतो.

*"कार्बाइडने पिकवलेली संत्री."* संत्रं तोडल्यावर पिकतच नाही. हिरव्या सालीला रंग आणण्यासाठी इथिलीन वायू वापरतात आणि ठरलेल्या मर्यादेत त्याला परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइड वापरायला मात्र बंदी आहे, कुठल्याही फळासाठी.

एक गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूने

संत्र्याच्या बागेला फळ धरायला कित्येक वर्षं लागतात. पुढे फळगळ, गारपीट आणि पडलेले भाव आहेतच. इतकं करून बाजारात आलेलं फळ कोळशीच्या डागामुळे कुणी उचलत नाही किंवा बंद थैलीत चार दिवसांत सडतं. पुढच्या वेळी थैली घरी आली की आधी ती उघडून पसरा. आणि काळा डाग दिसला तर फेकण्याआधी एकदा ओल्या फडक्याने पुसून बघा.